मेंबरकीचा पगार

किसननाना खंदारे भाषणाला उभे राहण्याआधी स्टोव्ह पेटवायचे. पंचायत समितीच्या फाटकाजवळ लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलेलं असे, त्यावर संघटनेचं लाल कापड आणि माइकच्या शेजारी वातीचा स्टोव्ह. पातेल्यात पाणी, साखर, पत्ती टाकून नाना माइक हातात घेत. "आता बघा. आमदारसाहेबानं विधानसभेत बिल मांडलं, आमचा पगार वाढवा. समदे म्हनले, व्हय. न्हाई कोन म्हनलं? कोनीच न्हाई. बिल पास." मग वाकून पातेल्यात डोकावत. "पान्याला अजून बुडबुडा आला न्हाई. आन आपला महागाई भत्ता? त्यो अजून म्हशीच्या थानात हाय." माणसं पोट धरून हसत. चहा उकळला की भाषण संपे आणि तोच चहा सगळ्यांना मिळे. दुसऱ्या पुढाऱ्यांच्या द्वारसभेला माणसं गोळा करावी लागत, नानांच्या सभेला ती आपोआप येत. त्यात भाषणाचा वाटा किती आणि चहाचा किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

नाना आमच्या पंचायत समितीत जीपचे ड्रायव्हर होते आणि कर्मचारी संघटनेच्या तालुका शाखेचे सचिव. पंचायत समिती आत्ताच्या हिंगोली जिल्ह्यातली, पण कोणती ते सांगत नाही. सांगितलं तर लोक लगेच नावं लावत बसतील, आणि त्यातले काही अजून निवडणुकीला उभे राहतात. मी तिथं कारकून म्हणून लागले तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता आणि साध्या सहीसाठीही फायली परभणीला जात.

नाना उंचेपुरे, काळेसावळे, खांद्यावर कायम पिवळं फडकं. त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती, माइक ते नुसता संघटनेची शान म्हणून धरत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला एका ग्रामपंचायतीच्या तपासणीला जायचं होतं. साहेब सोबत नव्हते, तरी मी जीपच्या मागच्या बाजूला चढायला गेले. नाना म्हणाले, "ताई, नौकरीत दोनच गोष्टी जपायच्या. सर्विस बुक आन कंबर. सर्विस बुक सायबाच्या हातात ऱ्हाते, कंबर तेवढी आपल्या हातात हाय. तुमी फुडं बसा." मी पुढं बसले. नंतर साहेब बदलले, जीप बदलली, पण साहेब नसले की ती जागा माझीच राहिली.

देवमाणूस वगैरे म्हणावं असे नाना नव्हते. चिखलाच्या पायांनी कुणी जीपमध्ये चढलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. उलट बोललेलं त्यांना खपत नसे. आमच्या कार्यालयात रोजंदारीवर पाणी भरणारा एक माणूस होता. त्याला कायम करण्याचा प्रश्न संघटनेनं घ्यावा, असं मी एकदा सुचवलं. नाना म्हणाले, "आधी घरच्याचं ताट वाढू द्या, मंग पाव्हन्याचं." तो माणूस माझ्याही आधीपासून तिथं पाणी भरत होता, त्याला पाहुणा कसं म्हणायचं, असं मी विचारलं. त्यानंतर आठवडाभर माझ्या वाट्याला आलेल्या फेऱ्यांत जीपनं एकही खड्डा चुकवला नाही.

मधे एक मोठा संप झाला. पगार थांबले. नाना रोज फाटकावर येऊन बसत आणि घरी त्यांच्या कौसाबाई हळद शिजवण्याच्या कामावर जात. संध्याकाळी त्या पिवळ्याजर्द हातांनी भाकरी थापत असल्याचं मी पाहिलं आहे. संप मिटल्यावर पहिला पगार हातात आला तेव्हा नाना हसले नाहीत. म्हणाले, "पगार चालू असतो तवर मानसाला वाटतं, आपन लई हुशार. बंद झाला की समजतं, हुशार त्यो पगार व्हता." हे वाक्य मी नंतर बऱ्याच लोकांना ऐकवलं, स्वतःचं म्हणूनही.

आमदारांच्या पगारावर नाना वाटेल तितकं बोलत, पण आमच्या सभापतींबद्दल द्वारसभेत चकार शब्द काढत नसत. आपल्या जीपमध्ये बसणाऱ्याबद्दल गाडीबाहेर बोलायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. आणि दुसरंही कारण होतं. निवडून आलेल्या माणसाला खाली आमच्याकडं पगार नसतो, मानधन असतं. सभापतीला ते थोडंफार मिळे, साध्या सदस्याला तर बैठकीचा भत्ता सोडून काही नाही, आणि तोही सहा-सहा महिने निघत नसे. एकदा कनेरगाव नाक्यावर आम्ही ढाब्यावर चहाला थांबलो होतो. सभापतींनी सहज विचारलं, "नाना, तुमच्या हातात महिन्याला किती पडतात?" नानांनी आकडा सांगितला. सभापती बशी तोंडाला लावता लावता थांबले. मग हसून म्हणाले, "मंग तुमी बसा माझ्या जागी. मी चालवतो जीप." आम्ही सगळे हसलो. उठताना कळलं की आमच्या टेबलाचे पैसे पलीकडं बसलेल्या एका गुत्तेदारानं आधीच दिले आहेत. रस्त्यांची, तलावांची कामं घेणारा हा गुत्तेदार सभापतींना बघून उठून उभा राहिला होता, एवढंच मी पाहिलं होतं. नाना मात्र परत गल्ल्यावर गेले आणि स्वतःच्या चहाचे पैसे वेगळे देऊन आले. मालक घेईना, तर गल्ल्याच्या पाटावर ठेवून आले.

सभापती वाटेत उतरल्यावर नानाच म्हणाले, "ताई, मी तीस वरीस गाड्या चालवून राहिलो. मला भाषनातलं कळत न्हाई, पन मानूस कोनाच्या गाडीत बसून आला ते दाखवा, मंग त्यो हात कोन्या बाजूनं वर करील ते मी सांगतो."

हे ते खरंच करत. मासिक बैठकीच्या दिवशी आवारात सदस्य उतरू लागले की नाना लिंबाखाली दुसऱ्या ड्रायव्हरांबरोबर उभे राहून बघत. कोण कुणाच्या जीपमधून, कोण कुणाच्या मोटारसायकलवर मागं. मी बैठकीचं इतिवृत्त लिहायला आत चालले की हळूच म्हणत, "आज पाझर तलाव पास." बहुतेक वेळा व्हायचा. एकदा मात्र साफ तोंडावर आपटले. एक सदस्य ज्यांच्या गाडीतून आले त्यांच्याच विरोधात तावातावानं बोलले. चौकशी केली तर त्यांची स्वतःची गाडी पंक्चर झाली होती आणि वाटेत दिसली ती गाडी त्यांनी हात करून थांबवली होती. 

पुढं जिल्हा वेगळा झाला, हिंगोलीला नव्या कचेऱ्या आल्या आणि नाना निवृत्त झाले. त्याच सुमारास पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. नानांचा गण, म्हणजे मतदारसंघ, राखीव सुटला आणि त्यांच्या गावानं त्यांना उभं केलं. आम्हा कर्मचाऱ्यांना प्रचार करता येत नाही, त्यामुळं आम्ही तो केला नाही. त्या आठवड्यात किरकोळ रजा मात्र बऱ्याच जणांनी टाकल्या. नाना निवडून आले तेव्हा कार्यालयात पेढे वाटले गेले. जन्मभर फाटकाबाहेर ओरडलो, आता आपला माणूस आत गेला, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पहिल्या बैठकीला सभागृह भरलं, नावं वाचली गेली आणि खंदारे गैरहजर निघाले. मी खिडकीतून पाहिलं तर नाना लिंबाखाली ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभे. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि खांद्यावर फडकं. बैठक सुरू झाली की बाहेर थांबायचं, ही तीस वर्षांची सवय. शिपाई धावत गेला, "नाना, तुमी मेंबर हायत. आत चला." नाना दचकले. फडकं कुठं ठेवावं ते कळेना, शेवटी ते एका जीपच्या बॉनेटवर टाकून आत आले आणि खुर्चीच्या काठावर बसले.

त्याच निवडणुकीत सक्रीबाई राठोड निवडून आल्या होत्या. एका तांड्यावरच्या, महिलांसाठी सुटलेल्या जागेवरून. दुसऱ्याच्या शेतात निंदणं-खुरपणं, कापूस वेचणं हे त्यांचं पोटाचं काम. बैठकीच्या दिवशी त्यांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडायचा. त्यांचा तांडा मुख्य रस्त्यापासून बराच आत, एसटी यायची ती फाट्यापर्यंत. तांड्यावरून त्यांना आणायला आणि परत सोडायला गाडी यायची ती त्या गुत्तेदाराची. तोच, कनेरगाव नाक्यावरचा. तो स्वतः आत येत नसे, आवारात गाडीला टेकून उभा असे.

दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत रस्त्यांचा विषय निघाला. सक्रीबाईंच्या तांड्याला जोडणारा रस्ता मंजुरीच्या यादीत होता. तो तूर्त बाजूला ठेवून त्याच पैशात दुसरीकडचा रस्ता करावा, असं कुणीतरी सुचवलं. दुसरीकडं गुत्तेदाराची खडी आधीच पडलेली होती, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. मतं घेतली. सक्रीबाईंनी हात वर केला, रस्ता दुसरीकडं न्यावा म्हणून. स्वतःच्या तांड्याचा रस्ता त्यांनी स्वतःच्या हातानं घालवला. मी ते लिहून घेतलं. लिहिताना नानांकडं पाहिलं, ते सक्रीबाईंच्या वर गेलेल्या हाताकडं बघत होते.

बैठक सुटल्यावर व्हरांड्यात त्यांनी बाईंना गाठलं. "सक्रीबाई, सोताच्या लेकराबाळाचा रस्ता तुमी काहून घालवला?"

सक्रीबाईंना राग आला नाही. त्या सरळ म्हणाल्या, "नाना, गाडी त्याची हाय. त्यानं आनलं, त्योच सोडनार. पोराला ताप आला तवा बी त्यानंच दवाखान्यात नेलं. त्याला न्हाई कसं म्हनू? तुमाला पेन्शन हाय. तुमी येष्टीनं येता, येष्टीनं जाता, कोनाला हात जोडत न्हाई. माझं तसं हाय काय?"

नानांनी यावर उपाय काढला. पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळीच ते फाट्यावर जाऊन उभे राहिले. सक्रीबाईंना निरोप धाडला होता की गुत्तेदाराच्या गाडीत बसू नका, फाट्यापर्यंत चालत या, पुढं माझ्यासंगं बसनं चला, तिकीट मी काढतो. बाई आल्या. दोघं एसटीतून उतरले तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर मोठा विजय होता. मी समोरच होते. मला बघून म्हणाले, "बघा ताई, आज मेंबरबाई सोताच्या पायानं आल्या."

सक्रीबाई पदरानं तोंड पुसत हसल्या. "काय सोताच्या पायानं? तवा गुत्तेदाराच्या गाडीत आले, त्यो म्हनला तसा हात वर केला. आज नानाच्या तिकिटावर आले. नाना म्हनंल तसा करते. बोला नाना, कंदी करू?"

त्या थट्टेत बोलल्या होत्या. नाना मात्र तिथंच थांबले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.  पुढच्या वेळी ते फाट्यावर गेले नाहीत आणि सक्रीबाई पुन्हा गुत्तेदाराच्या गाडीतून आल्या.

पावसाळा संपताना एके दिवशी नाना माझ्या टेबलाशी आले. "ताई, ठराव कसा लिवत असतेत?" मी कागद ओढला. त्यांनी सांगितलं आणि मी सरकारी भाषेत बसवलं: पंचायत समिती सदस्यांना किमान शिपायाच्या पगाराएवढं दरमहा वेतन मिळावं, अशी शिफारस शासनाकडं करण्यात यावी. लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. त्याच आठवड्यात फाटकावर आमचं धरणं चालू होतं, भत्त्याची थकबाकी मिळावी म्हणून. बाहेरच्या घोषणा आम्हाला आत ऐकू येत होत्या.

"नाना, महिनाभर थांबा. आत्ता हे मांडलंत तर बाहेरचे काय म्हणतील?"

"म्हनतील की म्हातारा फिरला."

"मग?"

"मंग काय? बैठक उद्या हाय. सक्रीबाईचा रोज उद्या बुडनार हाय. त्याहीचं धरनं उटंल तवर बुडायचा थांबंल काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठराव मांडला. उभं राहून बोलायची सवय फाटकाची होती, त्यामुळं आवाज सभागृहाच्या मानानं फार मोठा लागला. ते म्हणाले, "मी जन्मभर बोललो, पुढाऱ्यायला लई भेटतं. वरच्यायचं मी माघारी घेत न्हाई. पन हितं खाली बघा. शिपायाला पगार हाय म्हून त्यो सायबालाबी म्हनतो, आज सुट्टी हाय, येत न्हाई. मेंबरला पगार न्हाई म्हून त्यो गुत्तेदाराला न्हाई म्हनू शकत न्हाई. ज्याला बिनपगारी परवडतं त्योच मेंबर व्हनार, न्हाईतर ज्याला दुसरा कोनी पोसतो त्यो. मंग गरिबाला राखीव जागा देऊन फायदा काय?"

बागायती शेती आणि दोन-दोन गाड्या असलेले सदस्य सगळ्यात आधी खूश झाले. बाकं वाजली. विरोध कुणीच केला नाही. ठराव सर्वानुमते मंजूर, असं मी लिहिलं तेव्हा सभापतींचा चहा अजून आत यायचा होता. सक्रीबाई मात्र हात वर करताना आधी खिडकीबाहेर बघून घेत होत्या.

बातमी फाटकावर पोचायला वेळ लागला नाही. आमच्या बांधकाम विभागातला पवार तेव्हा संघटनेचा सचिव होता. नानांनीच त्याला तयार केलं होतं, माइक धरायलासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लिंबाखाली टेबल मांडलं, वातीचा स्टोव्ह पेटवला आणि पातेलं चढवलं. "आता बघा. किसननाना मेंबरनं ठराव मांडला, आमाला पगार द्या. समदे म्हनले, व्हय. न्हाई कोन म्हनलं? कोनीच न्हाई. ठराव पास." तो वाकून पातेल्यात डोकावला आणि माणसं हसली. पोट धरून हसली, पूर्वीसारखीच.

नाना रस्त्याच्या पलीकडं एसटीची वाट बघत उभे होते. ते रस्ता ओलांडून आले. हसणं एकदम थांबलं. पवार बोलता बोलता अडखळला. नाना टेबलाजवळ येऊन म्हणाले, "मला दोन शब्द बोलू दे, पवार."

पवारचे डोळे खाली होते, पण माइक त्यानं सोडला नाही. "नाना, तुमी आमचे गुरू. पन हे व्यासपीठ कर्मचाऱ्याचं हाय. तुमी आता मेंबर."

"व्हय," नाना म्हणाले. "बराबर हाय."

ते वळले आणि परत रस्ता ओलांडून गेले. मला फार वाईट वाटलं, आणि पवारचंही चुकलं असं म्हणता येईना. थकबाकी आमची खरोखरच अडकली होती, आणि आमच्या शिपायाच्या पगाराची बरोबरी नानांनी मेंबरांशी लावली, ती नेमक्या त्या आठवड्यात.

मी त्यांच्यामागं स्टँडवर गेले. बाकड्यावर ते एकटेच बसले होते. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, एक सांगा. आमदारांना पगार आहे, भत्ते आहेत, पेन्शन आहे. ते स्वतःच्या पायावर उभे आहेत का? त्यांच्या मागं-पुढं गाड्या कुणाच्या असतात?"

 एक बस आली, ती त्यांची नव्हती. ती गेल्यावर नाना म्हणाले, "ते मला न्हाई उमगलं, ताई. पोट भरल्यावर बी जो दुसऱ्याच्या ताटात बसतो, त्याचं औषीद माझ्याकडं न्हाई. पन जो उपाशी हाय त्याला मी कोन्या तोंडानं म्हनू, की बाबा दुसऱ्याच्या ताटात बसू नको?"

"आणि इतकी वर्षं चहा उकळून जे बोलत होतात ते?"

"ते बी बराबर व्हतं. पवारचं बराबर हाय, माझंबी बराबर हाय. दोघं चूक असले तर भांडन मिटतं, ताई. दोघं बराबर असले का मंग लई तकलीफ." त्यांची बस आली. त्यांनी खिशातून सुटे पैसे काढून मुठीत धरले आणि चढले.

ठराव वर गेला. वरून उत्तर आलं नाही, निदान मी तिथं असेपर्यंत तरी नाही. आमची थकबाकी मिळाली, हप्त्याहप्त्यानं. नानांची मुदत संपली, पुढच्या वेळी त्यांचा गण दुसऱ्यासाठी राखीव झाला. सक्रीबाई परत निंदायला जाऊ लागल्या. त्यांच्या तांड्याचा रस्ता नंतर झाला, त्याच गुत्तेदाराच्या हातून. संघटनेच्या कार्यक्रमाचं बोलावणं नानांना पुन्हा कधी गेलं नाही. माझी बदली पुढं हिंगोलीला झाली. ते तिथं पेन्शन काढायला येत तेव्हा कधीमधी माझ्याकडं डोकावत, चहा घेत, संघटनेत काय चाललंय ते विचारत. पवार कसा आहे, हे दर वेळी विचारत.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. हिंगोलीला नेईपर्यंत वाटेतच संपलं. मयतीला पवार आला, बरेच कर्मचारी आले. माजी सभापती आले, काही सदस्य आले. सक्रीबाई तांड्यावरून फाट्यापर्यंत चालत आणि पुढं एसटीनं आल्या होत्या. त्या कौसाबाईंना मिठी मारून मोठ्यानं रडल्या. कर्मचारी एका बाजूला उभे होते, मेंबर दुसऱ्या बाजूला. पुढं शोकसभेचा विषय निघाला. संघटना म्हणाली, ते मेंबर होते, पंचायत समितीनं घ्यावी. पंचायत समिती म्हणाली, ते मूळचे कर्मचारी, संघटनेनं घ्यावी. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान दिला आणि शोकसभा काही झाली नाही. याचा मला राग आला, अजून येतो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती. मजकूर करायला नानांच्या मुलानं, मिलिंदनं मला घरी बोलावलं. पत्रिकेवर नानांचा फोटो येणार होता, त्याखाली नाव, आणि नावाखाली एक ओळ. त्या ओळीपाशी मी थांबले. फाटकावरचा तो दिवस मी पाहिला होता, मेंबर हा शब्द त्यांना कसा लागला ते पाहिलं होतं. मिलिंद म्हणाला, "बाबा जन्मभर डायवर व्हते. तेच लिहा." मलाही ते पटलं. मी 'निवृत्त वाहनचालक' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

कौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.  "मेंबर लिहा, बाई," त्या म्हणाल्या.

"आई, मेंबरकीनं काय दिलं त्याहीला?" मिलिंद चिडून म्हणाला. "होते नव्हते ते मानसं तुटले."

"म्हून तर म्हनते. डायवरकीचा तर पगार भेटला, पेन्शन बी भेटली. त्याचा हिसाब फिटला. मेंबरकीचं काय भेटलं? तेवढं एक नाव तरी लागू द्या."

 मी 'निवृत्त वाहनचालक' खोडलं आणि त्या जागी 'माजी सदस्य, पंचायत समिती' असं लिहिलं.